लग्नाच्या तारखेचा रकाना

"अगं, लग्नाची तारीख रिकामी आणि खाली मुलगी एक? हे कसं काय जमवलंस?"

मॅडम हे माईकवर बोलल्या. हातात माझा फॉर्म. जव्हारच्या बसस्टँडमागचा हॉल, वर पंखे गरगरतायत, समोर आम्ही तीसेक पोरी. सगळ्या नर्सिंग केलेल्या. परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळणार म्हणून आलेल्या.

हॉल हसला. माझ्या शेजारी जामसरची मंगल बसली होती, ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. दारात काशा उभा होता. काशा म्हणजे माझा माणूस. त्याच्या कडेवर आमची रोशनी. सहा वर्षांची, कडेवर बसायच्या वयाची नाही, पण गर्दीत तिला आई दिसावी म्हणून त्यानं उचललेली. सगळे हसले तसं तिला वाटलं, आईचं काहीतरी चांगलं झालं. ती टाळ्या वाजवायला लागली.

बाकी सगळं विसरेन. त्या टाळ्या नाही विसरणार.

मी उभी राहिले. म्हटलं, "लगीन व्हायचंय अजून, मॅडम. एकत्र राहतो आम्ही. आठ वर्षं झाली."

"तुमच्यात चालतं गं हे सगळं. तिकडे नाही चालत. तो सुसंस्कृत देश आहे."

परत हशा. घरात माझी जीभ कात्रीसारखी चालते, सासू रोज सांगते. तिथं मात्र एक शब्द फुटेना.

मॅडम मुंबईच्या. एजन्सीच्या. दिसायला वाईट नव्हत्या, हसऱ्या होत्या. आदल्या दिवशी शिरपामाळच्या टेकडीवर फिरून आल्या होत्या. हॉलमध्ये सुरुवातीलाच म्हणाल्या, तुमचा निसर्ग किती सुंदर, तुम्ही लोक किती निरागस. त्याला अर्धा तास झाला नाही तोवर हे.

त्यांनीच पेन काढलं. माझ्यासमोर दोन ठिकाणी खाडाखोड केली. म्हणाल्या, "सिंगल लिहिते. मूल नाही. फाईल स्वच्छ राहते. तू एकदा पोचलीस की मग बोलव कुणाला बोलवायचं ते. ते नंतर करता येतं." मग नवा कोरा फॉर्म घेतला, सगळा त्यांच्याच हातानं भरला आणि माझ्यापुढं सरकवला.

मी सही केली. तीन ठिकाणी.

हे लपवणार नाही. मी शिकलेली बाई. इंग्रजीची परीक्षा पास झालेली. मोखाड्याच्या दवाखान्यात कंत्राटावर किती बाळंतपणं केली त्याची मोजदाद नाही. तरी केली सही. माझ्या पोटची पोरगी दारात बापाच्या कडेवर असताना ‘मूल नाही’च्या खाली माझं नाव लिहिलं. का? तर तीस पोरी बघत होत्या आणि मला पटकन खाली बसायचं होतं. दुसरं काही कारण नाही. कुणी बंदूक लावली नव्हती.

आता आमचं सांगते. पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. वारल्यांचा. आमच्यात पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली, घरच्यांनी मान हलवली, की पोरगी नांदायला येते. लगीन मागाहून. लगीन म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायचं, धवलेरीनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायचं. धवलेरी म्हणजे आमच्यात लगीन लावणारी बाई. भटजी नाही, बाई. हे सगळं साग्रसंगीत व्हायला पाहिजे, म्हणून ऐपत होईपर्यंत थांबतात. कुणी पाच वर्षं थांबतं, कुणी वीस. माझ्या सासू-सासऱ्यांचं लगीन त्यांच्या थोरल्या पोराच्या लग्नात लागलं, एकाच मांडवात. सासरा त्या दिवशी पोरापेक्षा जास्त लाजत होता, असं सासू अजून सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते.

आणि माझी सासू स्वतः धवलेरी. आजूबाजूच्या पाड्यांवरची किती लग्नं तिनं लावली, तिलाच आठवत नाहीत.

यात लाज वाटण्यासारखं काय आहे? खरं सांगते, त्या हॉलमध्ये जाईपर्यंत मला माहीतच नव्हतं की यात लाज असते.

मला एकच गोष्ट पाहिजे होती. तिघांनी जायचं. मी एकटी नाही, तिघांनी.

त्याला कारण आहे. मी आश्रमशाळेत वाढले. दिवाळी झाली की आईबाप जगायला जायचे. आमच्याकडं असंच म्हणतात, जगायला जाणं. भिवंडीकडं वीटभट्टीवर. मी शाळेत. होळीला पोरांचे आईबाप यायचे न्यायला. मी गेटच्या दगडावर बसून जीप बघायची. टपावरसुद्धा माणसं असायची, टपावरची आधी बघायची, कारण माझा बाप नेहमी टपावर बसायचा. कधी यायचे, कधी शेठ सोडायचा नाही. एका होळीला मी तीन दिवस बसले त्या दगडावर. चौथ्या दिवशी सर आले आणि कान धरून आत नेलं. तेव्हा ठरवलं होतं, माझं पोर गेटवर बसणार नाही.

म्हणून जाहिरात बघितल्या बघितल्या तिघांचे पासपोर्ट काढले. ठाण्याला तीन खेपा झाल्या. रोशनीच्या पासपोर्टवर आईचं नाव माझं, बापाचं नाव काशाचं. सरकारनं विचारलं नाही, धवला गायला का म्हणून. तिन्ही पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवले. काशा अधूनमधून पेटी उघडून स्वतःचा फोटो बघायचा. म्हणायचा, "चोरासारखा दिसतोय मी." पण बघायचा.

माझी निवड झाली. देशाचं नाव लिहीत नाही, माझा त्या देशावर राग नाही. तिथं हेलन नावाची बाई एक वृद्धाश्रम चालवते. व्हिडिओवर मुलाखत तिनंच घेतली. पिकलेले केस, डोळ्यांखाली काळं, सारखी घड्याळाकडं बघायची. तिच्याकडं बत्तीस म्हातारी माणसं आणि हात कमी. मला म्हणाली, म्हाताऱ्या माणसानं जेवण थुंकलं तर काय करशील? मी म्हटलं, पुसेन, आणि अर्ध्या तासानं परत विचारेन. ती पहिल्यांदा हसली. बाई मला आवडली. मी दवाखान्याचा राजीनामा दिला. एजन्सीनं व्हिसाचा अर्ज टाकला. वाट बघायची, एवढंच राहिलं.

मग नियम बदलला.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. आमच्या खाचरात एका बांधावर रेंज येते, फोन तिथं पळसाच्या फांदीला टांगलेला. वाजला तशी धावले. हात चिखलानं भरलेले. हेलन होती. घाईत, घाबरलेली. तिचं इंग्रजी त्या दिवशी मला पुरतं कळेना, दोनदा विचारून घेतलं. मतलब असा. त्यांच्या सरकारनं एकाएकी जाहीर केलं होतं की म्हाताऱ्यांची सेवा करायला बाहेरून येणाऱ्यांना यापुढं घरची माणसं आणता येणार नाहीत. नवरा नाही, बायको नाही, पोरं नाहीत. तीन आठवड्यांची मुदत. त्याच्या आत ज्यांच्या अर्जावर घरच्यांची नावं असतील, त्यांची माणसं येऊ शकतील. ज्यांच्या नाहीत, त्यांना दार बंद.

हेलन रडवेली झाली होती. तिच्याकडं यायला निघालेल्या दोन नर्सांनी नियम ऐकून नकार कळवला होता. म्हणाली, मी चूल पेटवून ठेवली आणि कुणी घरच हलवलं, असं झालंय. म्हणजे तिनं काही दुसरंच म्हटलं असेल, मला असं ऐकू आलं. मग म्हणाली, "पण तुझं बरं आहे. तुला कुणी नाही. तुझ्या फॉर्मवर वाचलं मी. तू तरी येशील."

मी बांधावर उभी. खाचरात काशा वाकून भात लावतोय. रोशनी रोपांच्या मुठी वाटतेय, एक इकडं, एक तिकडं, गुडघाभर चिखलात. आणि फोनमधली बाई मनापासून मला सांगतेय, तुझं बरं आहे, तुला कुणी नाही.

मी "येस मॅडम" म्हटलं. हो, तेव्हासुद्धा. शरम वाटते लिहायला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं जव्हार. एजन्सीनं तिथं एक गाळा घेतला होता, मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. मी म्हटलं, नावं घाला. माझा माणूस आणि माझी पोरगी. मुदत आहे अजून.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाई गं, आता? आता एकच रस्ता. लग्नाचं सर्टिफिकेट आण. तारीख आठ वर्षांपूर्वीची पाहिजे. ग्रामपंचायतीत होतं सगळं. गळ्यात मंगळसूत्र घाल, त्याला टोपी घाल, एक फोटो काढा. लग्न लावणाऱ्याची सही लागते, ती घे कुणाची तरी. मग सांगू, फॉर्म भरताना कारकुनाची चूक झाली."

"लगीन पावसात लागत नाही आमच्यात," मी म्हटलं. खुळ्यासारखं. तेच पहिलं तोंडात आलं.

"तुला लग्न लावायला कोण सांगतंय? कागद आण."

त्यांनी तारीख लिहून ग्रामपंचायतीचा कोरा नमुना दिला, तो कागद घेऊन मी घरी आले. म्हटलं, एक खोटं झालंय, त्याच्यावर दुसरं. रोशनीसाठी. काशानं मान हलवली. त्यानं सही केली, दोन साक्षीदार मिळाले. खाली रकाना, लग्न लावणाऱ्याचं नाव आणि सही. घरातच धवलेरी. लांब कशाला जायचं?

सासू ओट्यावर नागली पाखडत होती. मी कागद पुढं ठेवला, शाईचा पॅड उघडला. वाचून दाखवलं. तिनं तारीख विचारली. मी सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या दिशी मी कुठं होतू?"

"आई, कुणी विचारायला येणार नाही."

"मी कुठं होतू ते सांग."

मला काय माहीत कुठं होती. आठ वर्षांपूर्वीचा कुठला तरी दिवस. मॅडमनी सोयीचा बघून दिलेला.

"मी धवला गायला नाय," सासू म्हणाली. "गायला नाय तर लगीन नाय. आंगठा नाय देणार."

मी चिडले. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "तुझ्या एका आंगठ्यापायी तुझी नात माझ्यापासून तुटेल. कळतंय का?"

तिनं शाईचा पॅड मिटून माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "लगीन खोटा लिवशील त मग घर काय? तं पन खोटा? आठ वर्सां माझे चुलीवर जेवली, त्याची लाज हाय का तुला?"

परत सूप उचललं आणि पाखडायला लागली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिला वाचता येत नाही. पण मला जे हॉलमध्ये जमलं नाही ते तिनं ओट्यावर बसून केलं. तिला घाई नव्हती खाली बसायची. मी तिथंच कागदाचे चार तुकडे केले. काशा ओरडला. मी म्हटलं, ओरड.

आता काय करायचं? मला सुचलं ते एकच. नियम काय आहे तो माझ्या डोळ्यांनी वाचायचा. आजवर सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. इंग्रजी शिकले होते कशाला? सकाळी घरामागच्या टेकाडावर चढले, तिथं नेट येतं. डोक्यावर इरलं, इरल्याखाली फोन. त्या सरकारचं पान उघडलं. वाचत गेले. अडेल तिथं परत. दुपारपर्यंत.

आणि ती ओळ सापडली.

घरचं माणूस कोण, याचा खुलासा होता. नवरा. बायको. आणि त्याच्या खाली, लग्न न करता दोन वर्षं किंवा जास्त एका घरात नांदलेली जोडी. पुरावा द्यावा.

मी ती ओळ पाच वेळा वाचली. सुसंस्कृत देश! मॅडमच्या सुसंस्कृत देशात आमच्यासाठी रकाना होता. आधीपासून होता. पहिल्या दिवशी हॉलमध्ये मी फॉर्म भरला, तो बरोबर होता. लग्नाची तारीख रिकामी, मुलगी एक, अगदी तस्साच भरायचा होता. मॅडमनी तो नियम वाचला नव्हता. गरजच वाटली नव्हती. आमच्यासारख्यांसाठी कुणी नियम केला असेल, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसणार. माझं घर त्यांना घाण वाटलं आणि त्यांनी ते पुसून टाकलं, टेबलावरचा चहा पुसतात तसं. वर म्हणे, फाईल स्वच्छ.

मी टेकाडावर एकटीच मोठ्यानं शिव्या दिल्या. चांगल्या, पाड्यावरच्या. मग रडले. मग खाली आले आणि पेटी उघडली.

पुरावा म्हणतात ना? रेशनकार्ड, तिघांची नावं. रोजगार हमीचं जॉबकार्ड, माझा आणि काशाचा एकत्र फोटो, दोघांच्या कपाळावर माती. रोशनीचं लशींचं कार्ड, बापाच्या नावासकट. घरपट्टी. तिन्ही पासपोर्ट. सगळ्याच्या झेरॉक्स. त्या ओळीची प्रिंट. जव्हार. मुदतीला नऊ दिवस होते.

मॅडमनी ओळ वाचली. चेहरा उतरला, ते मी बघितलं. मग सावरल्या. "ठेव इथं. मी वकिलांना विचारून कळवते. आणि हे बघ, कुठं बोलू नकोस. तुझ्या एकटीच्या लफड्यापायी बाकीच्या मुलींच्या फायली अडकतील. त्या गरीब घरच्या आहेत."

गरीब घरच्या! मी जणू बंगल्यातून आले होते.

मी फोन करत राहिले. उद्या कळवते. वकील बाहेरगावी आहेत. टाकलंय मेल. काळजी करू नकोस. मी स्वतःच हेलनला का लिहिलं नाही? विचारा. बाकीच्या पोरींचं भेव घातलं होतं मॅडमनी, ते एक. आणि सवय. आश्रमशाळेपासूनची सवय, वरच्या माणसानं ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. मी थांबले. मुदत गेली.

मुदत गेल्यावर आठ दिवसांनी फोन. मॅडमचा आवाज नुसता उड्या मारत होता. "अभिनंदन! व्हिसा आला!"

सिंगल. मूल नाही.

सत्कार ठेवला होता. तोच हॉल. आम्ही अकरा जणी, खांद्यावर शाली, हातात नारळ आणि व्हिसा लागलेला पासपोर्ट. कुणी एक पुढारी, दोन फोटोवाले. मंगल माझ्या शेजारीच. मॅडमनी माझी ओळख करून दिली, शब्द न् शब्द पाठ आहे मला. "ही आपली मोखाड्याच्या पाड्यावरची मुलगी. एकटी. कुणाचा आधार नाही. तरी बघा, जिद्दीनं कुठे पोचली."

लोक टाळ्या वाजवत होते. काशा भिंतीला टेकून उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी इंग्रजीच्या परीक्षेला नाशिकला राहिले होते तेव्हा ह्या माणसानं रोशनीच्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या, पण घातल्या. कुणाचा आधार नाही! मी घरून काहीच ठरवून आले नव्हते. एवढं सांगते, भाषणबिषण काही तयार नव्हतं. कदाचित गेले असते. शाल घेऊन, नारळ घेऊन, विमानात बसून गेले असते.

तेवढ्यात फोटोवाला काशाला म्हणाला, "ओ दादा, बाजूला व्हा. फोटोत येताय."

आणि काशा बाजूला झाला. रोशनीलाही हाताला धरून ओढलं, दोघं खांबाआड.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोवाल्याचा राग नाही, त्याचं काम ते. काशा सरकला, त्याचा राग. इतका सहज सरकला. आम्ही किती पटकन सरकतो! मी सही केली तशीच.

मी माईक घेतला. मॅडमना वाटलं आभार मानतेय, त्यांनीच वायर मोकळी करून दिली.

म्हटलं, "तो खांबाआड उभा आहे तो काशा. माझा माणूस. त्याच्या हाताशी आमची पोरगी आहे, रोशनी. आमचं लगीन झालेलं नाही, होईल तेव्हा होईल. मी एकटी नाही. माझा फॉर्म खोटा आहे. तो मॅडमनी लिहिला, सही मी केली. खोट्या कागदावर मी जाणार नाही."

एवढंच. टाळी एकसुद्धा नाही. रोशनीनंही नाही वाजवली या वेळी, माझ्याकडं टकामका बघत राहिली. पुढारी मोबाईल बघायला लागले. मंगलनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वेडी आहेस का? खोटं उघड झालं तर दहा वर्षं पाय ठेवता येणार नाही तुला तिकडे."

म्हटलं, "तोवर लगीन तरी होईल."

नारळ टेबलावर ठेवला. शाल ठेवली. पासपोर्ट ठेवला नाही, तो माझा आहे.

घरी येऊन हेलनला सगळं लिहिलं. इंग्रजीत, मोडकंतोडकं. कागदांचे फोटो जोडले. तिचं उत्तर चार दिवसांनी आलं. तिनं एक प्रश्न विचारला होता. फॉर्मवर तुला तीन ठिकाणी विचारलं होतं, तू तिन्ही ठिकाणी सही केलीस, का? आणि पुढं, हे कळल्यावर मी गप्प बसले तर माझा परवाना जाईल, बत्तीस माणसं कुठं नेऊ? मला सरकारला कळवावं लागेल. मला वाईट वाटतं. तू आली असतीस तर बरं झालं असतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. ते हे सगळं आहे, जे आता लिहितेय.

नंतर काही छान झालं असं समजू नका. व्हिसा रद्द. दवाखान्यातल्या जागेवर दुसरी लागली होती. आता मी मोखाड्यात एका खाजगी डॉक्टरकडं जखमा बांधते. काशा बरेच दिवस धड बोलला नाही. एकदाच म्हणाला, "तू जाती त रोशनी शिकती." मी म्हटलं, "गेटवर बसून?" तो उठून गेला. त्याचंही चूक नाही. पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, हिच्या अंगात आलं. मॅडमनी बाकीच्या पोरींना सांगितलं, हिच्याशी बोलू नका. एजन्सी तशीच चालू आहे. मॅडमचं काहीही वाकडं झालं नाही.

मंगल गेली. तिथं पोचल्यावर महिन्याभरानं तिचा फोन आला. आधी नुसतीच रडली. मग म्हणाली, "ताई, जामसरला माझ्या आईकडं जाऊन येशील का? माझी दीड वर्षांची पोरगी आहे. आई सांगते बरी आहे, पण तू नर्स आहेस, तू बघून सांग."

तिचं अंगावर पिणारं पोर होतं आणि ती त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. का हसली, ते मला कळलं. मी गेले जामसरला. पोरगी बरी आहे. चालायला लागलीय. फोनमधला आईचा फोटो दाखवला की तोंड फिरवते. हे मी मंगलला सांगितलं नाही. पण तिला सांगितलं, आता कुणी विचारलं तर खरं सांग. ती म्हणाली, आता सांगितलं तर हाकलतील गं.

होळीच्या आधी परत शिबिर लागलं. वेगळा देश, तोच हॉल, त्याच मॅडम. मी गेले, पण नुसतं बघायला म्हणून नाही. दारात दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकलं, चहावाल्याकडून मागून घेतलं. त्या देशाचा नियम टेकाडावर बसून वाचून ठेवला होता, मराठीत लिहून काढला होता. पोरी आत जाण्याआधी माझ्याकडं थांबायच्या. मी एकच सांगायचे, आपल्या हातानं भर. ज्याच्याशी नांदतेस त्याचं नाव लिही. पोर असेल तर पोर लिही. कुणी हसलं तर हसू दे, उभीच राहा, खाली बसायची घाई करू नको. आणि आजचा नियम काय आहे ते कुठंतरी लिहून ठेव, उद्या बदलतील.

मॅडम बाहेर आल्या. "तुला इथे कुणी बोलावलंय? तुझं नाव काळ्या यादीत आहे, माहितेय ना?"

म्हटलं, "माहीत आहे. बसा ना, चहा घ्या."

त्या बसल्या नाहीत. मी पण उठले नाही.

लगीन या उन्हाळ्यात नाही, पुढच्या उन्हाळ्यात बघू. सासू म्हणते, घाई नाय. पेटीत तिन्ही पासपोर्ट आहेत. मी अजून अर्ज करते, होय, करतेच. या देशाला, त्या देशाला. दहा वर्षं म्हणाले तर दहा वर्षांनीही करीन, तेव्हा रोशनी सोळा वर्षांची असेल, तिचा फॉर्म ती स्वतः भरेल. नियम त्यांचे आहेत, त्यांनी बदलावेत. रात्रीत बदलावेत, तीन आठवड्यांत बदलावेत. माझ्या घरची माणसं मात्र मीच लिहिणार. अर्जावर तीन नावं असतात. दोन खोडा म्हणाल, तर तिसरं, माझं, मीच खोडीन.